गावकी ते ग्रामसभा: घटनादुरुस्त्यांनी आपल्या कोकणातल्या माणसाला नेमकं काय दिलं?

साकव

नमस्कार मंडळी. यंदाच्या संविधान दिनाला आमच्या वाचनालयात घटनादुरुस्त्यांवर बोलायचं ठरलं आहे. त्याआधी माझं म्हणणं इथे मांडतो, म्हणजे जाणकारांकडून त्यात भर पडेल.

मतदानाचा हक्क आपल्याला कुठल्याही दुरुस्तीने मिळालेला नाही. तो २६ जानेवारी १९५० ला घटनेबरोबरच, अनुच्छेद ३२६ मधून, एकदम सगळ्यांना मिळाला. त्याआधी १९३५ च्या कायद्याखाली मतदार व्हायला जमीन, कर किंवा शिक्षण लागायचं. सारा भरणाऱ्याला मत होतं, त्याच्या शेतात राबणाऱ्या गड्याला नव्हतं. ही अट एका फटक्यात गेली. पुढे ६१ व्या दुरुस्तीने वय २१ वरून १८ वर आणलं, ते २८ मार्च १९८९ पासून लागू झालं. शाळेत आपण एवढंच शिकतो.

पण आमच्यासारख्या गावातल्या माणसाचं आयुष्य ज्या दुरुस्तीने बदललं ती ७३ वी, असं माझं ठाम मत आहे. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेली.

कारण सांगतो. आपल्याकडे गावाचा कारभार पिढ्यान् पिढ्या गावकीने केला. पालखी कुठल्या वाडीत आधी जाणार, जत्रेचा खर्च कसा वाटायचा, पाखाडी कुठे बांधायची, पऱ्यावर साकव कुठे घालायचा, कोणाच्या घरी कोणी जायचं नाही, सगळं तिथे ठरायचं. गावकीने चांगली कामंही केली, ते नाकारत नाही. पण बसायचं कोणी? मानकरी आणि घरटी एक पुरुष. बाई नाही. बौद्धवाडी नाही. ७३ व्या दुरुस्तीने अनुच्छेद २४३-अ मध्ये ग्रामसभेला घटनेत जागा दिली आणि मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद झाला. तिथे बसायला मान लागत नाही, बोलावणं लागत नाही. आजवर दारात उभं राहून ऐकणाऱ्या माणसाला घटनेने सांगितलं, आत ये, ही तुझी सभा आहे.

१८ व्या वर्षी मत मिळणं मोठंच. पण पाच वर्षांतून एकदा बटण दाबणं आणि आपल्या वाडीच्या पाण्याचा ठराव हात वर करून मंजूर करणं यात मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

कुळवाडी

लेख आवडला, पण पहिल्या दुरुस्तीला विसरून चालणार नाही. कोकणात तर मुळीच नाही.

मत असलं तरी ज्याच्या जमिनीवर घर आहे त्याच्याविरुद्ध ते टाकता येतं का? खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताची वतनदारी, असताना हे शक्य नव्हतं. कूळ खोताला मक्ता (खंड) घालायचं, वर वेठ करायचं. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, संप केला, पोटाला चिमटा घेतला. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते तेव्हा पास झालं नाही. स्वातंत्र्यानंतर खोती निर्मूलन कायदा झाला, १९५० चा सहावा कायदा.

आता गंमत नव्हे, फार महत्त्वाची गोष्ट. देशभर जमीनदार असल्या कायद्यांविरुद्ध कोर्टात जात होते, कारण तेव्हा मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. म्हणून १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने नववी अनुसूची आणली आणि तेरा कायदे तिच्यात ठेवले, म्हणजे मूलभूत हक्काच्या मुद्द्यावर ते रद्द होऊ नयेत. त्या तेरांत दुसरा आपला कुळकायदा आहे आणि सहावा आपला खोती निर्मूलन कायदा. संविधानाच्या पुस्तकात मागे जाऊन बघा, छापलेलं आहे. रत्नागिरी-कुलाब्याच्या (आताच्या रायगडच्या) कुळांचा घाम देशाच्या घटनेत नावानिशी नोंदला गेला आहे. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा आजोबांना फोन करून वाचून दाखवली होती.

ही दुरुस्ती झाली जून १९५१ मध्ये, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या काही महिने आधी. माझ्या मते ताठ मानेने मत टाकण्याची सोय तिनेच केली.

ॲड. वाशिष्ठी

कुळवाडी, सहमत. पण वाचनालयात बोलाल तर पहिल्या दुरुस्तीची दुसरी बाजूही सांगा. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावरची बंधनं वाढवली, कारण १९५० मध्ये 'क्रॉस रोड्स' आणि 'ऑर्गनायझर' या नियतकालिकांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालय सरकारविरुद्ध गेलं होतं. आणि त्याच दुरुस्तीने १५(४) आणलं, ज्याच्या आधारावर मागास वर्गांसाठी शिक्षणात विशेष तरतूद उभी राहिली. एकाच कागदावर देणंही आणि काढून घेणंही. दुरुस्ती म्हणजे हक्क वाढलाच असं धरून चालू नका.

वेंगुर्ल्याचा

दुरुस्तीने हक्क वाढतो की कमी होतो यावर देशात सगळ्यात मोठी चर्चा ज्यांच्या विधेयकामुळे झाली ते आमच्या वेंगुर्ल्याचे. बॅरिस्टर नाथ पै.

२७ फेब्रुवारी १९६७ ला गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच असा निकाल दिला की संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी त्याच वर्षी खासगी विधेयक आणलं की संसदेचा तो अधिकार परत मिळावा. माणूस आयुष्यभर नागरी स्वातंत्र्यासाठी झगडलेला, समाजवादी, विरोधी बाकावरचा. सत्ता हातात नसताना संसदेला अधिकार मागत होता, कारण लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहावर त्यांचा विश्वास होता. समान वाटपाचे कायदे न्यायालयात अडकू नयेत ही तळमळ होती. वर कुळवाडींनी खोतीचं जे लिहिलं आहे ते डोळ्यांसमोर ठेवलं तर कोकणातल्या समाजवाद्याला असं का वाटावं ते कळतं.

विधेयक त्यांच्या हयातीत मंजूर झालं नाही. १८ जानेवारी १९७१ ला ते गेले. त्याच वर्षी सरकारने २४ वी दुरुस्ती आणून तोच अधिकार घेतला. मग २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा अशा बहुमताने ठरलं की दुरुस्ती करा, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही.

आणि जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली तेव्हा, नाथ पैंच्याच राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते बंगळुरात पकडले गेले, तुरुंगात गेले. त्या काळात जगण्याच्या हक्कासाठीसुद्धा कोर्टात दाद मागता येणार नाही, असा निकाल १९७६ मध्ये लागला. ही दोन नावं एकत्र ठेवून बघितली की मला झोप लागत नाही. एकाचा संसदेवर पूर्ण विश्वास, आणि त्याच्या जागी आलेला त्याच संसदेचा सदस्य असताना बंदिवान.

१९७७ ला राजापूरने दंडवत्यांना पुन्हा निवडून दिलं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने लिहून ठेवलं की आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत. साकव, तुमच्या यादीत ७३ वी पहिली असेल तर दुसरी ही ठेवा. मत टाकायला माणूस तुरुंगाबाहेर असावा लागतो.

ॲड. वाशिष्ठी

वेंगुर्लेकर, फार चांगलं लिहिलंत. एक जोडतो: त्याच ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला आणि ३००-अ मध्ये ठेवला. आज महामार्गात किंवा प्रकल्पात जमीन जाते तेव्हा आपला माणूस ज्या अनुच्छेदावर उभा राहतो तो हा. कायद्याच्या आधाराशिवाय जमीन काढून घेता येत नाही, एवढी शाश्वती त्यात आहे. पूर्वीइतकी भक्कम नाही.

पेडणेकार

तेरेखोलच्या पलीकडून, गोव्यातून लिहितो आहे. कोकणच आहे हो हेही.

तुम्हाला मत १९५० ला मिळालं. आम्हाला नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६२ च्या १२ व्या दुरुस्तीने गोवा, दमण, दीव केंद्रशासित प्रदेश म्हणून घटनेच्या पहिल्या अनुसूचीत आले, १४ व्या दुरुस्तीने आम्हाला विधानसभा मिळण्याची वाट मोकळी झाली. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक. पोर्तुगीज राजवटीत सर्वांना मतदान ही गोष्टच नव्हती, त्यामुळे आमच्या आजीच्या पिढीने पन्नाशीला पहिलं मत टाकलं.

आणि मग १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. १,७२,१९१ मतं केंद्रशासित राहण्याच्या बाजूने, १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूने. आमच्या घरात दोन्हीकडची माणसं होती, त्यावरून अजून वाद होतो, तो इथे काढत नाही. सांगायचं एवढंच, एका प्रदेशाने स्वतःचं भवितव्य थेट मताने ठरवलं. ५६ व्या दुरुस्तीनंतर ३० मे १९८७ ला राज्य झालं.

डोंबिवलीचा चाकरमानी

सगळं पटलं, पण साकव, तुम्ही गावात राहणाऱ्यांचंच बघता. घर आमचं गावात, घरपट्टी आम्ही भरतो, देवळाच्या जीर्णोद्धाराला, शाळेच्या पत्र्याला, वाडीच्या नळाला पैसा आमच्या मुंबई मंडळाकडून येतो. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरतं ते आमच्यामुळे. आणि ग्रामसभेत आम्ही कोण? पाहुणे. माझं नाव डोंबिवलीच्या यादीत आहे. गावात ठेवलं तर काय बिघडतं?

ॲड. वाशिष्ठी

चाकरमानी, भावना समजते, पण कायदा वाचून बघा. अनुच्छेद ३२६ मध्येच अनिवास हे अपात्रतेचं एक कारण म्हणून लिहिलेलं आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० म्हणतं की एखाद्या ठिकाणी फक्त घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. कलम १७ प्रमाणे दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही आणि खोटं निवेदन दिल्यास शिक्षा आहे. तात्पुरतं बाहेर गेलेल्याचं नाव मात्र काढता येत नाही. हंगामासाठी दुसऱ्या बंदरात गेलेला तांडेल (होडीचा म्होरक्या) आपल्याच गावचा मतदार राहतो.

साकव

चाकरमानी, तुमच्या पैशावर गावातल्या कित्येक गोष्टी उभ्या आहेत, त्याबद्दल मनापासून आदर आहे. तरीही सांगतो. मे महिन्यात विहीर आटते तेव्हा हंडा घेऊन उतारावर जाणारी बाई गावात असते. ठराव तिच्या मताने व्हावा. वर्गणी भरणाऱ्याला जास्त आवाज, हे तर आपण १९५० ला सोडून आलो.

डोंबिवलीचा चाकरमानी

उत्तर कडू आहे पण मुद्दा खरा आहे. माझं म्हणणं मागे घेत नाही. जो माणूस निवृत्तीनंतर परत येणार आहे त्याला गावाच्या आराखड्यात बोलता यावं, मत नको तर नको.

खलाशी

मी जहाजावर असतो, रत्नागिरीकडचा. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. मतदान नेमकं मी घरी असताना येणं हा नशिबाचा भाग. सैनिकाला टपाली मत आहे, मालवाहू जहाजावरच्या आम्हाला नाही. आमच्या मोहल्ल्यातले कित्येक जण आखातात आहेत. २०१० च्या कायदाबदलाने परदेशातल्या भारतीय नागरिकाला यादीत नाव घालता येतं, पण मत टाकायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर व्हावं लागतं. कुवेतहून एका दिवसासाठी कोण येणार? यादीतला हक्क आणि हातातला हक्क यातलं अंतर आम्हाला विचारा.

अमेरिकेच्या बंदरांत जाणं होतं म्हणून तिथलं वाचलं. १८७० ची त्यांची १५ वी दुरुस्ती म्हणते की वर्णावरून मत नाकारता येणार नाही. तरी दक्षिणेत मतदान-कर आणि साक्षरतेच्या परीक्षा लावून काळ्या लोकांना जवळजवळ शंभर वर्षं बाहेर ठेवलं. राष्ट्रीय निवडणुकांतला मतदान-कर १९६४ च्या २४ व्या दुरुस्तीने गेला, पुढल्या वर्षी मतदान हक्क कायदा आला तेव्हा कुठे नावं नोंदली जाऊ लागली. बायकांना १९२० ला, १८ वर्षांच्यांना १९७१ ला. त्यांना तुकड्या-तुकड्याने मिळालं ते आपल्याला एकाच दिवशी मिळालं, याचा मला फार अभिमान आहे.

माजी सदस्या

एक सांगू का सगळ्यांना? वरच्या सगळ्या चर्चेत बायकांचं कोणीच नीट लिहिलं नाही.

पहिल्या निवडणुकीच्या यादीतून उत्तरेकडच्या सुमारे २८ लाख बायकांची नावं गाळावी लागली होती, कारण त्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं. मत होतं, नाव नव्हतं.

मी गुहागर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत राखीव जागेवरून निवडून आले. ७३ व्या दुरुस्तीने एक तृतीयांश जागा बायकांना, सरपंचपदांतही. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते निम्म्यावर नेलं. पहिल्या बैठकीला मला शेवटच्या खुर्चीवर बसवलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं. माझ्या आधीच्या बाईच्या जागी तिचे यजमानच बैठकीला यायचे. माझ्या यजमानांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही गाडीवरून सोडा आणि परत जा. ते गेले. हे त्यांचं मोठेपण, आणि याचा मला अजून आधार वाटतो.

खरा उपयोग कशाचा झाला सांगते. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावर होते. आम्ही ती खरोखर घेतली, अंगणवाडीत, दुपारी तीनला, कारण त्या वेळेला बायकांना फुरसत असते. दोन वाड्यांमध्ये साठवण टाकी हवी हे तिथे ठरलं. मोठ्या सभेत पुढाऱ्यांना देवळापुढचं सभागृह हवं होतं. पण आम्ही ठरवूनच आलो होतो आणि मोजणीत जास्त भरलो. टाकी झाली.

पुढच्या निवडणुकीला आरक्षण फिरलं, जागा खुली झाली. "आता ताईंना कशाला त्रास," असं म्हणून मला कोणी विचारलंसुद्धा नाही. फिरतं आरक्षण सगळ्या प्रभागांना संधी देतं हे मला कळतं. पण पाच वर्षं शिकलेली बाई सहाव्या वर्षी घरी बसते, याचं उत्तर कुठल्याच दुरुस्तीत नाही. २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीने लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा दिल्या, पण जनगणना आणि मग मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. तोवर थांबा.

समुद्रफेणी

ताई, वाचून अंगावर काटा आला. माका येक विचारूचा हा, ग्रामसभेक गणसंख्या भरता काय तुमच्याकडे? आमच्या हयसर कधीच भरना नाय.

माजी सदस्या

पहिल्या वेळी नाही भरत. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली कमी असेल ती संख्या लागते. भरली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अटच नाही. मग पंधरा माणसांत सगळं उरकतात. म्हणून आम्ही पहिल्या सभेलाच घरोघर जाऊन माणसं जमवायचो.

साकव

ताई, वाचनालयात तुमचा हा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवायची परवानगी द्या.

यात आणखी एक विषय येतो, बिनविरोध निवडणुकीचा. आपल्याकडे त्याचं फार कौतुक होतं, गावाची एकी म्हणून सत्कार होतात. खूपदा आदल्या रात्री गावकीची बैठक होते, नावं ठरतात, बाकीच्यांना अर्ज मागे घ्यायला लावतात. कोणी ऐकलं नाही तर वाळीत टाकण्याची भाषा होते. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आपल्या राज्याला करावा लागला, त्यामागे रायगड-रत्नागिरीकडच्या वाळीत टाकण्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात होत्या. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीच्या निवडणुका लिलावाच्या प्रकारामुळे रद्द केल्या. लिलाव आपल्याकडे नसेल, पण भीतीने घेतलेली माघार मला तितकीच घातक वाटते. मत टाकायची वेळच येऊ दिली नाही तर अनुच्छेद ३२६ चं करायचं काय?

कुळवाडी

साकव, १००% सहमत. महाडचं चवदार तळं आठवा. १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं. कागद तयार होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन पाण्यापर्यंत चालत जावं लागलं, आणि परतताना लोकांनी मार खाल्ला. पुढे अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट हे शब्द आले. ते वाचताना मला महाडच दिसतं.

ॲड. वाशिष्ठी

आता जे सगळ्यात जास्त खुपतं ते लिहितो.

ग्रामसभा आपल्या १९५८ च्या कायद्यातही होती आणि जिल्हा परिषदा १९६२ पासून आहेत. मग ७३ व्या दुरुस्तीने नवीन काय दिलं? वेळेची हमी. त्याआधी १९७९ नंतर जिल्हा परिषदांच्या निवडणुका थेट १९९२ मध्ये झाल्या. सरकारला सोयीचं नसलं की पुढे ढकलायचं. म्हणून अनुच्छेद २४३-ई ने लिहिलं, मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. बरखास्त झाली तर सहा महिन्यांत. त्यासाठी २४३-के खाली स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग.

आणि झालं काय? रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी कसोटी, म्हणजे आरक्षण देण्याआधी पाळायच्या तीन अटी, सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ च्या निकालात सांगितली होती, त्यावरून आणि प्रभागरचनेवरून वाद चालू राहिले आणि तिथे प्रशासक बसले. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच सांगावं लागलं की चार आठवड्यांत अधिसूचना काढा आणि चार महिन्यांत निवडणुका घ्या. म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ जिल्ह्याच्या शाळा, दवाखाने, रस्ते यांचा कारभार निवडून न आलेल्या माणसाकडे. आरक्षणाचा प्रश्न खरा होता, ओबीसींचा हक्क तितकाच खरा आहे. पण एका हक्काचा निवाडा होईपर्यंत दुसरा हक्क गोठवून ठेवणं मला मान्य नाही.

वाचनालयातल्या भाषणात एकच गोष्ट सांगायला वेळ मिळाला तर ही सांगा. कोणाचं मत काढून घेतलं नाही, फक्त मतदानाचा दिवस आला नाही. लोक रस्त्यावर आले नाहीत कारण काही गेलंय असं कोणाला वाटलंच नाही.

कुडाळची अठरा

मी बारावीला आहे. धागा पूर्ण वाचला. येत्या मार्चमध्ये अठरा पूर्ण होतील. मग पुढच्या जानेवारीची वाट बघावी लागेल का? आणि ग्रामपंचायतीसाठी वेगळा अर्ज असतो का?

ॲड. वाशिष्ठी

बाळ, जानेवारीची वाट बघायची गरज नाही. आता वर्षात चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. मार्चमध्ये अठरा पूर्ण झाली की तू १ एप्रिलला पात्र. सतरा पूर्ण असतील तर नमुना ६ चा अर्ज आगाऊही भरता येतो. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार तयार होते, वेगळा अर्ज नाही. त्यामुळे विधानसभेच्या यादीत नाव वेळेत लागणं महत्त्वाचं. नाव लागलं की ग्रामसभेतही तू सभासद. निवडणूक लढवायला मात्र २१ पूर्ण लागतात.

माजी सदस्या

आणि मोठ्या सभेच्या आधी महिलांची सभा कधी आहे ते ग्रामसेवकांना विचार. तारीख सांगता आली नाही तर लेखी अर्ज दे आणि पोच घे.